रेनडिअरच्या कातड्यावरचा लॅपटॉप

११ जानेवारी, रविवार
बाहेर उणे एकोणीस, लॅपटॉपच्या आत पंच्याण्णव. विर्पीशी बोलताना आज पुन्हा बंद पडला. आधी पंखा घरघरला, मग धाप लागल्यासारखा घुसमटला, मग पडदा काळा. मुलगी समोर होती, ती एकदम नाहीशी. छातीत धस्स झालं. यंत्रामुळे.

विर्पी तिकडे नॉर्वेत ट्रॉम्सोला नर्स आहे, त्यामुळे तिला प्रत्येकात पेशंट दिसतो. विचारत होती की बाबा, हृदयाच्या तपासणीची तारीख घेतलीत का. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात हा गचकला. सांगणारच होतो.

संकल्प: लॅपटॉप गार ठेवायचा. एवढं एक झालं की बाकीचं आपोआप मार्गी लागेल.

१२ जानेवारी
यंत्र तापतं कारण हवा खेळत नाही. म्हणून तर मी त्याला बाकावर रेनडिअरच्या कातड्यावर ठेवतो. रेनडिअरचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा भरलेली असते. याहून जास्त हवा कुठे मिळणार? जन्मभर भूगोल शिकवलाय, उगाच नाही. तरीही तापतो, म्हणजे दोष बनवणाऱ्यांचा.

कातडं जुनं झालंय मात्र. कॉफीतसुद्धा केस निघतात.

१७ जानेवारी, शनिवार
सॉनाची, म्हणजे इमारतीतल्या वाफेच्या खोलीची, पाळी. नेहमीप्रमाणे मेव्हणा आर्ने सोबत. सॉनात नव्वद अंश होते. तेवढ्यात मी आरामात बसतो, आणि हा लॅपटॉप तेवढ्याला मान टाकतो. हल्लीचं सगळं नाजूक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तपासणी होईपर्यंत सॉना नको, स्की नको. पोर आहे, तिशीही गाठलेली नसेल. आणि तपासणीत काही निघालं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आर्ने म्हणाला, दाजी, वरचा गरम बाक सोडून खाली कधीपासून बसायला लागलात? मी म्हटलं, खालून तापल्या दगडांवर पाणी टाकायला बरं पडतं. मग लॅपटॉपवर आला. म्हणाला, मागचं झाकण उघडा, आत काय साचलंय ते बघा, फुंकून टाका, संपलं. मी नको म्हटलं. उघडल्यावर आत काय दिसेल याचा नेम नाही. उघडत नाही तोवर निदान चालू तरी आहे.

१८ जानेवारी, रविवार
उपाय सापडला. स्की घालण्याआधी ती दाराबाहेर ठेवून गार करावी लागते, नाहीतर तिला बर्फ चिकटतो. आमच्या फिनलंडात, काजानीतलं शेंबडं पोरही हे जाणतं. तोच नियम यंत्राला. जेवण झाल्यावर लॅपटॉप बाल्कनीत स्कीशेजारी उभा केला.

विर्पीच्या वेळेला आत आणला आणि स्वयंपाकघरात सुरू केला. दोन मिनिटांत त्याला दरदरून घाम फुटला. कीबोर्डवरून थेंब ओघळले. बाहेरून आलो की माझ्या चष्म्याचंही दरवेळी हेच होतं, हे मला ठाऊक आहे. पण चष्मा कधी सुरू करावा लागला नव्हता.

सध्या सिंकवरच्या भांडी निथळायच्या कपाटात, दोन ताटांच्या मधे उभा आहे. पेट घेतलाच तर खाली नळ आहे. भीती वाटते, पण तयारी चोख आहे.

विर्पीचा मोबाइलवर फोन आला. म्हणाली, बाबा, लॅपटॉप राहू द्या, तारखेचं सांगा. मी म्हटलं, पोरी, इथे पाणी गळतंय. ते खरंच होतं.

२१ जानेवारी
वाळला. सुरू झाला. या पिढीच्या यंत्रांना मी उगीच नावं ठेवली.

२५ जानेवारी, रविवार
लॅपटॉप गार करून आत आणणं ही चूक होती. बोलायचंच बाहेर. कातडं बाल्कनीतल्या खुर्चीवर अंथरलं, त्यावर लॅपटॉप, समोर स्टुलावर मी, कानटोपी घालून. उणे बावीस. पंखा चूप. आयुष्यात इतकं शांतपणे बोललो नव्हतो.

विर्पी म्हणाली, बाबा, तुम्ही बाल्कनीत काय करताय, ओठ निळे पडलेत. मी म्हटलं, कॅमेरा स्वस्तातला आहे. मग ती म्हणाली, हे बघा, मी खरंच घाबरलेय, तुम्ही तारीख... आणि बॅटरी गेली. अर्ध्याहून जास्त होती, थंडीने एकदम शून्य. तापण्याचा प्रश्न मात्र सुटला, हे कोणालाही मान्य करावं लागेल.

खुर्ची आत आणताना उंबऱ्यावर बराच वेळ बसावं लागलं. डावा हात भरून आला होता. खुर्ची जड आहे.

२८ जानेवारी
दुकानातून येताना जिन्यात दोनदा थांबलो. हा जिना पूर्वी इतका उभा नव्हता. खूप भीती वाटते. लॅपटॉपची.

३१ जानेवारी, शनिवार
सॉनाच्या आधी आर्ने स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. विचारलं नाही, थेट टेबलाशी बसला. मला बघवेना. कॉफी करायचं निमित्त करून आत गेलो आणि कॉफी न करता उभा राहिलो.

त्याने हाक मारली. पंख्याच्या जाळीतून करड्या केसांचा बोळा निघाला होता, लोकरीच्या टोपीएवढा. म्हणाला, दाजी, तुम्ही आत अख्खं रेनडिअर पाळलं होतं. मग म्हणाला, एवढंसं काम होतं, इतके दिवस घाबरलात कशाला? मी म्हटलं, घाबरलो नव्हतो. तो झाकणाचे स्क्रू परत बसवायला लागला.

सॉनाला चल म्हटलं तर म्हणाला, आज मूड नाही. हा माणूस तापातसुद्धा सॉना चुकवत नाही. मग मीही नाही गेलो.

१ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ५
कातडं जमिनीवर. लॅपटॉप लाकडी टेबलावर. एकेचाळीस अंश. आता हवं तितकं बोलता येईल. आजचा बेत: आधी हवामान, मग बाकीचं.

संध्याकाळी ६
हवामान झालं. ट्रॉम्सोच्या अंधाराबद्दल बोलून झालं. आर्ने आणि रेनडिअर सांगून झालं, ती हसली. मग म्हणाली, बाबा, तारीख घेतलीत का?

मी पंख्याची वाट पाहिली. हूं की चूं नाही. कोपऱ्यातला आकडा बघत राहिलो. एकेचाळीस. एकेचाळीस. बेचाळीस. परत एकेचाळीस. तीही थांबली होती, तिचे डोळे भरले होते, आणि चित्र इतकं स्वच्छ की सगळं दिसत होतं.

मी झाकण मिटलं. लॅपटॉप गरम झाला.

६ वाजून गेले
विर्पीचा मेसेज: बाबा, लॅपटॉप आता तापत नाही, आर्नेमामाने कालच सांगितलंय. तारीख मी घेतलीय, मंगळवारी सकाळी मामा गाडी घेऊन येईल. झाकण उघडा, मी इथेच आहे.

झाकणावर हात ठेवून बसलोय. बर्फासारखं गार आहे.

उघडतो. अजून थोडा गार होऊ दे.