रुपरावच्या गाडीतले हलके बेअरिंग

प्रेमिला,

तुझा भाऊ रुपराव सकाळीच रेसची मोटारसायकल घेऊन अमरावतीले निघून गेला. मी गॅरेजमध्ये पोचायच्या आधीच. इंजिन मीच बांधलं, पण मुंबईहून भारी बेअरिंग आलेच नाहीत. तो रोज विचारून राहिला होता, म्हणून मी हलके बसवले अन् "भारीच टाकले गा" म्हणून सांगून दिलं. वाटलं, रेसच्या आधी बदलवून घेऊ.

साध्या चालीत ते टिकतात. पूर्ण पळवली का इंजिन जाम होते अन् गाडी माणसाले फेकते.

रेस अकराले आहे. त्याचा फोन लागून नाही राहिला. माझी यष्टी बाराले पोचते. तरी चाललो.

तुझ्या आईले काही सांगू नको वं. त्यांनी विचारलं तर म्हण, जावई रेस पाहाले गेले.

शालिकराम