हातमोज्यांचा दोष नव्हता

प्रिय आप्पा,

काल तुमची दशक्रिया झाली. परतताना जुन्या टीममधले आम्ही चहाला थांबलो. सुभाष म्हणाला, "आप्पांनी समदं शिकवलं, पर हातमोजं काय त्यांना जमलं न्हाई. फायनल घालवली की त्या मोज्यांनी!" सगळे हसले. मीही हसलो. म्हणून हे पत्र.

तेव्हा दौंडच्या रेल्वे कॉलनीत गोलकीपरचे हातमोजे आम्ही टीव्हीवरच पाहिले होते. मी कामाला होतो त्या रांजणगावच्या कंपनीतून सुती मोजे आणले. तुम्ही ते उलटे केलेत, शिवण बोटांना रुतू नये म्हणून. टेबल टेनिसच्या जुन्या बॅटींचं रबर सोलून पंक्चरच्या सोल्यूशननं तळव्यावर चिकटवलंत. बोटं वाकावीत म्हणून सांध्यांपाशी फट ठेवलीत. अंगठ्याला मात्र दोन थर. का, ते मी विचारलं नाही. तुमचा उजवा अंगठा समोर दिसत होता: शॉट अडवताना मोडलेला, वाकडाच बसलेला. शर्टाची बटणं तुम्ही डाव्या हातानं लावायचात.

"मोजं बॉल धरत न्हाईत, हात धरतोय," तुम्ही म्हणायचात. "अंगठं बॉलच्या मागं, एकमेकाजवळ. बोटं बॉल थांबवत्यात, अंगठं त्याला जाऊ देत न्हाईत. कळलं का, राजे?"

"व्हय, आप्पा."

"व्हय म्हणतो आन् कोपरं ताठ! बॉल आल्यावर हात थोडं मागं घे की."

कळलं होतं, आप्पा. सगळं कळलं होतं.

फायनल शिरूरच्या टीमशी. शेवटची मिनिटं, बरोबरी. छातीच्या उंचीचा सरळ शॉट आला. सरावात असे किती धरले होते! बॉल जवळ आला आणि मला तुमचा अंगठा दिसला. मी माझे दोन्ही अंगठे काढून घेतले. बॉल हातांमधून गेला. रबराला तो नीट लागलाही नाही.

तुम्ही धावत आलात. "काय झालं रं?"

मी म्हणालो, "रबर सटकलं."

तुम्ही माझे हात उलटेपालटे करून पाहिलेत. "माझंच चुकलं. घामानं गुळगुळीत झालं आसंल." मग तेच पुन्हा, मैदानभर ऐकू जाईल असं म्हणालात. लोकांनी मला बोलू नये म्हणून. का म्हणालात? एकदा तरी माझ्यावर चिडायचं होतं! चिडला असतात तर मी खरं बोललो असतो. कदाचित.

त्यानंतर तुम्ही कुणालाच मोजे करून दिले नाहीत. सरावात कीपरला सांगायला गोलमागं उभं राहायचात, तेही सोडलंत. नवा कीपर काही विचारायला आला की म्हणायचात, "मला काय इचारतो? माझं मोजं ठावं हायेत न्हवं?" लोक हसायचे. मी तिथंच असायचो.

दौंडला येताना दर वेळी ठरवायचो, आज सांगू. तुम्ही शिफ्टची चौकशी करायचात आणि मी शिफ्टबद्दलच बोलत राहायचो. घाबरलो होतो, एवढं म्हणायला काय लागत होतं? अंगठा मोडल्यावर पहिल्यांदा गोलमध्ये उभे राहिलात, तेव्हा तुम्हीही घाबरला होतात का? ते विचारायचं राहिलं.

परवा तेराव्याला सगळे तुमच्या घरी जमतील. तुमच्या मुलांसमोर, टीमसमोर मी सांगेन की बॉल मी सोडला. इतकी वर्षं गप्प का बसलास, असं ते विचारतील. तरी सांगेन.

तुमचा,
दिलीप