राहिलेली करवंटी

कंदावू,
रविवार, ८ मार्च १९९२

प्रिय इसिकेली, अर्थात बिनशिंगाच्या बैला,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, दारू प्यायलेला खेकडा ओल्या वाळूतून गेल्यासारखं. लेबनॉनमध्ये सहा महिने काढून माणूस सुधारतो असं ऐकलं होतं, ती अफवा निघाली. आम्ही सगळे इकडे मजेत. तूही मजेतच असशील. तुझं थोबाड बघून बंदुकीची गोळीसुद्धा वाट बदलेल.

हे वाक्य आत्याने वाचलं तर ती मला चटईच्या पातीने झोडपेल. पण तू तिचा मुलगा आणि मी तिच्या भावाचा. आपल्या बेटावर आतेभावाला मामेभावाने शिव्या द्यायच्या, हा काही मी केलेला कायदा नाही. चार दिवस तुला नावं ठेवली नाहीत तर लोक मला विचारतात, भांडलात का?

पेटी पुढच्या बोटीने निघते आहे. या खेपेलाही माझी बायकोच सैनिक-मदत मंडळाची मुखत्यार आहे, म्हणजे घरात माझी काय अवस्था असेल ते ओळख. गावातली पाच पोरं तिकडे शांतिसेनेची निळी टोपी घालून उभी, म्हणून टोरिकाने घरटी एक चटई लावलीय. चटया राजधानीत, सुवाच्या बाजारात विकायच्या आणि त्यातून साबण, तंबाखू, लोकरीचे मोजे घ्यायचे. परवा पास्टर म्हणाले, "बाई, हे सगळं सरकारने द्यायला नको का?" तर ही म्हणते, "बंदूक सरकारची, मोजे आमचे. बंदुकीने पाय गरम होत नाहीत." पास्टरांनी गुपचूप दोन चटया दिल्या.

यंगोनाच्या मुळीची पूड चांगली पोचली हे वाचून बरं वाटलं. सगळ्या तुकडीत आपल्याच गावची मुळी सर्वांत बारीक कुटलेली असते, वाडग्यात पाण्यात ढवळली की गाळ म्हणून राहत नाही, आणि बाकीच्या गावांचे शिपाई प्यायला करवंटी घेऊन तुझ्याच तंबूशी घोटाळतात, असं लिहिलंस. कोण कुटतं म्हणून विचारलंस. मी कुटतो. आणखी कोण कुटणार?

तुझ्या बाबांबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. तेही तुझ्याबद्दल विचारत नाहीत. बापलेक दोघंही एकाच दगडातून फोडलेले.

गेल्या ऑगस्टमधला तो दिवस मलाही विसरता येत नाही. तू रीतीप्रमाणे मुळीची जुडी पुढे ठेवलीस, जायची परवानगी मागितलीस. मी करवंटी भरून बाबांपुढे धरली; ती प्यायले असते तर तुला निरोप मिळाला असता, पण ते समुद्राकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "दुसऱ्याच्या दारातलं भांडण निवारायला माझा मुलगा. आणि माझं जाळं कोण ओढणार?" कोळी घराण्याचे म्होरके ते, त्यांच्यापुढे कोण बोलणार? भरलेली करवंटी मीच मागच्या दारी ओतून दिली. तू बोटीत चढलास तेव्हा मी खूप विनोद केले. एकही चांगला नव्हता.

आता तू लिहितोस की अजून एक वर्ष मागून घेतो. "ज्याला निरोपच कुणी दिला नाही, तो कुठल्या तोंडाने परत येणार?" आत्याला पत्र वाचून दाखवताना ही ओळ मी गाळली. तिने नुसतं एवढंच विचारलं, "ऑगस्टमध्ये येतोय ना?" मी म्हटलं, येतोय. आता मला खोटं पाडू नकोस, गाढवा.

तुझा, दुर्दैवाने मामेभाऊच,
सायलोसी


कंदावू,
रविवार, १७ मे १९९२

प्रिय बंधू इसिकेली यास,

तुझं २० एप्रिलचं पत्र पोचलं. वाचून समाधान वाटलं. आम्ही इकडे सर्व ठीक आहोत. तूही प्रकृतीस जपावं.

हवा चांगली आहे. कसावा यंदा बरा आला. अळकुड्याही आहेत. बरोबर डब्यातले मासे खातो, त्यामुळे जेवणाची काळजी नसावी. आत्या बरी आहे. घरी आठवडाभर पाहुण्यांची ये-जा होती, त्यात तिची थोडी दगदग झाली.

या खेपेची पेटी लहान आहे. गावात चटया दुसरीकडे बऱ्याच लागल्या, त्यामुळे विकायला फारशा उरल्या नाहीत. मोजे चारच जोड आहेत. तुम्ही पाच जण समजुतीने वाटून घ्याल अशी आशा आहे. यंगोना थोडी जाडसर झाली आहे, ती फडक्यातून दोनदा गाळून घ्यावी.

आणखी एक वर्ष राहण्याविषयी इतक्यात काही ठरवू नये, असं मला वाटतं. तुझी मर्जी.

टोरिकाचा आणि सर्वांचा नमस्कार.

आपला,
सायलोसी


कंदावू,
रविवार, ५ जुलै १९९२

इसिकेली,

तुझी चिठ्ठी काल बोटीने आली. तीनच ओळी होत्या. "सायलोसी, तू मला एकही शिवी दिली नाहीस. कोळ्यांच्या गावात डब्यातले मासे का खाता? कोण गेलं?"

टोरिकाने ती वाचली आणि मला म्हणाली, "शाबास. लपवायला बसलास आणि गावभर दवंडी पिटलीस." खरं आहे. मी ते पत्र चारदा लिहिलं. प्रत्येक वेळी तुला बैल लिहायला हात उचलला की हुंदका यायचा, म्हणून बंधू लिहिलं. आपण एकमेकांना जन्मात कधी बंधू म्हटलं आहे का?

बाबा गेले, इसिकेली. शनिवारी, ९ मे रोजी, दुपारी. सोमवारी त्यांना चर्चच्या मागच्या चढावर, तुझ्या आजोबांशेजारी ठेवलं. चटया तिथे लागल्या. सगळं बेट आलं होतं. त्याच संध्याकाळी आपल्या खडकांवरचं पाणी शंभर रात्रींसाठी बंद केलं, म्होरक्यासाठी करतात तसं. बांबू रोवून त्यावर पाला बांधला आहे. तेव्हापासून गावात कुणी गळसुद्धा टाकलेला नाही.

खोकला एप्रिलपासूनच होता. आधी समुद्रावर जाणं बंद झालं, मग दारापर्यंत येणंही. दवाखान्यातली नर्स दोनदा येऊन गेली. बोटीने सुवाला नेतो म्हटलं तर म्हणाले, "बोटीत मेलो तर जाळ्याशिवाय मरेन." तुला कळवू का विचारलं, तर नको म्हणाले. "तो पहारा टाकून पळत येईल. मग ती पलीकडची माणसं म्हणतील, कोळ्याच्या पोराला आमचं दार राखता आलं नाही." ते असं बोलतील हे माझ्या कानांना खरं वाटेना. ज्या माणसाला तुझं जाणं मान्य नव्हतं, तो रोज बातम्यांना रेडिओला कान लावून बसत होता. तुमच्या चौकीच्या टेकड्यांची नावं त्यांना पाठ होती, उच्चार मात्र सगळे चुकीचे.

आता माझा खोटेपणा सांगतो. यंगोना मी कुटत नव्हतो. पहिल्या पेटीपासून बाबाच कुटायचे. सकाळची प्रार्थना झाली की स्वयंपाकघराच्या मागे लोखंडी कांब घेऊन बसायचे, कुटून कुटून पीठ करायचे, मग आत्याच्या जुन्या झग्याच्या कापडातून चाळायचे. जाड राहिलेलं परत उखळात. एकदा मी म्हटलं, आतोबा, बस झालं. म्हणाले, "तिकडे पाणी वेगळं असतं. जाडी त्याला बाधेल." टोरिकाला आणि मला दम दिला होता, पोराला कळलं तर दोघांची पाठ सोलीन. म्हणून मी तुला लिहिलं, मी कुटतो. मेमधली मात्र खरंच मी कुटली, शेजारच्या उखळात. फरक तुला कळला असेलच.

शेवटच्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "इसिकेलीची एक करवंटी माझ्याकडे राहिलीय."

मी म्हटलं, "आतोबा, तो लेबनॉनमध्ये आहे."

"तू आहेस ना? त्याच्या वाटच्या शिव्या खातोस, आज त्याच्या वाटचं बोल."

मी मुळीची जुडी आणली. आत्याने वाडग्यात पूड कालवली, त्यांच्याच हातची, पेटीसाठी बाजूला ठेवलेली. मी त्यांच्या चटईपुढे मांडी घालून बसलो आणि तुझ्या वतीने परवानगी मागायला लागलो. रीतीचे शब्द मला येतात, तरी मध्येच तोंडून गेलं, "हा तुमचा मुलगा, दिसायला बैल, अक्कल त्याहून कमी, पण दुसऱ्यांची पोरं रात्री झोपावीत म्हणून जागायला जातोय, त्याला जाऊ द्या." आत्या माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. बाबा हसले. हसता हसता खोकले, पण हसले.

मग मी करवंटी धरली. त्यांच्या हातांखाली मीही धरून राहिलो. एका दमात प्यायले, इसिकेली, थेंबही ठेवला नाही. आत्याने रीतीप्रमाणे "रिकामी!" म्हणून पुकारलं आणि त्यांनी तीन टाळ्या वाजवल्या. आवाज झाला नाही, पण मी मोजल्या. म्हणाले, "जा म्हणावं. आणि ऑगस्टमध्ये ये म्हणावं." तुझी आणखी एका वर्षाची ओळ मी त्यांनाही वाचून दाखवली नव्हती. ते ऑगस्टच धरून होते. जेवणाच्या वेळेला गेले.

दोन महिने मी हे तुझ्यापासून ठेवलं. त्यांनी सांगितलं म्हणून ठेवलं हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तू हे वाचशील तेव्हा आजूबाजूला आपलं कुणी नसेल, या विचारानेच माझा धीर होत नव्हता. तुला रागवायचं तर रागव. मला चालेल. इथे आल्यावर रागव.

आता नीट वाच. १८ ऑगस्टला शंभर रात्री भरतात. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, पाणी उघडायचं. पहिलं जाळं तुमच्या घराण्याच्या हातानेच पडायला हवं, आणि आता त्या घराण्यात तू एकटाच उरला आहेस. वडीलधारी मंडळी परवा बसली होती. तू आला नाहीस तर काय, असं कुणीतरी विचारलं. आत्या पडद्यामागून म्हणाली, "तर मग डब्यातलेच मासे खा."

पहारा पुरा कर. बाबांनाही तेच हवं होतं. तुझं वर्ष १२ ऑगस्टला भरतं. तो दुसऱ्या वर्षाचा अर्ज मात्र फाड. तू विचारलं होतंस ना, ज्याला निरोप कुणी दिला नाही तो कुठल्या तोंडाने येणार? तुला निरोप दिला गेलाय. मी समोर होतो.

या पेटीत मूठभर पूड वेगळी बांधून ठेवली आहे. त्यांच्या उखळाच्या तळाशी आणि आत्याच्या कापडावर जेवढी राहिली होती, तेवढी झटकून घेतली. ही त्यांच्या हातची शेवटची. कुणाला देऊ नकोस, कितीही घोटाळू देत. पाण्यात कालव, गाळू नकोस, गरज पडणार नाही. पिऊन झालं की तीन टाळ्या वाजव. तुझ्यासाठी "रिकामी" म्हणायला तिथे कुणी नसेल, म्हणून मी इथे आताच म्हणून ठेवतो.

जाळं मी धुऊन वाळवून तुमच्या घराच्या आढ्याला टांगलं आहे. दोन ठिकाणी फाटलं होतं, मी शिवलं. मला शिवता येत नाही हे तुला माहीत आहे. घरी ये आणि तोंडभर नावं ठेव, बिनशिंगाच्या बैला.

तुझ्या वाटचं एकदा बोललेला, पुन्हा बोलायला न लावशील अशी आशा धरून बसलेला,
तुझा मामेभाऊ
सायलोसी