ताठ करंगळी

चि. सुजय,

तुझी दिशा सुट्टीत हमरापूरला आली तेव्हाच मला शंका आली. आबांशी भांडून गेलेला भाऊ, ज्यानं त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात पुन्हा पाय ठेवला नाय, तो पोरीला उगाच पाठवेल होय? वाटणी मागायची तयारी असणार.

म्हणून मी तिला नुसती खोकी बांधायला बसवली. काल जेवून परत येते तर बाईसाहेब मूर्तीचे डोळे आखतायत! ओरडणार होते, पण नजर तिच्या हातावर गेली. करंगळी ताठ. आबांची करंगळी मोडलेली, वाकायचीच नाय, म्हणून ते ब्रश तसा धरायचे. दिशाची तर धड हाय. आणि आबा गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"कोणी शिकवलं गो?"

"कोणी नाय, आत्या," ती खाली मान घालून म्हणाली.

धाटावला कंपनीत लागलास तेव्हा आबांसमोर शपथ घेतलीस, पुन्हा ब्रश धरणार नाय म्हणून. खोटारडा!

हे पत्र टाकणार नाय. कळलं तर ब्रश लपवशील, हात घासून बसशील. रविवारी न सांगता रोह्याला तुझ्या घरी येतेय. आधी तुझी नखं बघेन, मग चहा घेईन.

सरूताई