कार्डावरची शालन

मारतहळ्ळी, बेंगळुरू
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय संहिताक्का,

नमस्कार. इकडे सगळं सरी आहे. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा स्वल्प आखडतो, पण सकाळचं फिरणं तिने सोडलेलं नाही. नेदरलँड्सला आता अंधार लवकर पडत असेल. भावजींना नमस्कार सांग.

फोनवर आपलं बोलणं नेहमी घाईत होतं, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या दुकानासाठीचा नाताळचा माल तयार आहे. पितळी तारेची कानातली, निळ्या मण्यांचे हार, सगळं पॅक झालंय. पण ते इथून निघेल असं वाटत नाही.

देवनहळ्ळीच्या शालनला तू फक्त फोटोत पाहिलंयस. आपले दागिने करणाऱ्या गटातल्या बायकांना हे काम तिनेच शिकवलं. मूळची खानापूरकडची, मराठी बोलते, तापट आहे. नवरा बसवंत विमानतळाच्या बसवर ड्रायव्हर. मुलगी प्रियदर्शनी यंदा कॉलेजात गेली. तिथे वर्गातल्या कुणीतरी तिला आपली वेबसाइट दाखवली. दागिन्यासोबत आपण जे कार्ड घालतो, तेच तिथेही आहे. शालनचा फोटो, शालनचं नाव, आणि खाली लिहिलंय की नवऱ्याने टाकलेल्या या बाईला आपल्या कामाने उभं केलं.

पोरीने घरी येऊन बापालाच विचारलं, "अप्पा, तुम्ही आम्हाला सोडून कधी गेला होता?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा बसवंत ड्यूटीला निघत होता. "अक्का, मी काय वाईट केलंय ओ तुमचं?" एवढंच म्हणाला आणि गेला.

शालनने गटातल्या बायकांदेखत मोबाइल माझ्यासमोर धरला. "वाचा. सगळं मराठीत सांगा. एक शब्द सोडायचा नाही."

कार्डाचं इंग्रजी तू बघायचं आणि माल मी, असं आपलं ठरलेलं. त्यामुळे तो मजकूर मीही पहिल्यांदाच नीट वाचत होते. 'तो गेल्यावरही ती कित्येक दिवस दोघांची कॉफी करत राहिली. एक पेला स्वतः प्यायची, दुसरा निवला की मोरीत ओतायची.'

इथे मी थांबले. बायकांना वाटलं, मला शब्द अडला.

अक्का, हर्ष मला सोडून गेला तेव्हा हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. फक्त तुला. आईलाही नाही. तू बराच वेळ काही बोलली नव्हतीस. मला वाटलं, रडते आहेस. रडतही असशील.

मी म्हणाले, "शालन, ही बाई मी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. "मग माझं नाव कशाला घातलं?"

"माझ्या फोटोवर कानातली खपली नसती."

ती हसली नाही. मोबाइल उलटा ठेवून तिने विचारलं, "परत आला की नाही तो?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाली, आणि मग माझा हात धरून बसली.

बसवंत परत येईपर्यंत मी तिथेच थांबले. त्याला आणि प्रियदर्शनीला सगळं सांगितलं. हर्षचं नाव मी आजवर कुणासमोर घेत नव्हते. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. बसवंत शेवटपर्यंत खाली बघत होता. जाताना मात्र मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला.

ते पान वेबसाइटवरून निघेपर्यंत, आणि तू शालनशी व बसवंतशी स्वतः बोलेपर्यंत, माल हलणार नाही. बायकांनी तसं ठरवलंय आणि मी हो म्हटलंय. तेव्हा माल मीच अडवलाय असं समज. नवा मजकूर शालन सांगेल, मी लिहून घेईन. त्यात कुणी कुणाला टाकलेलं नसेल. त्यावर दागिने खपतील की नाही, मला माहीत नाही.

रागावून लिहीत नाही. राग येईल म्हणून दोन दिवस वाट पाहिली, तो आला नाही.

एकच विचारायचं आहे. मी फोनवर सांगत होते, तेव्हा तू लिहून घेत होतीस का? नाही, असं उत्तर असेल तर लगेच कळव. हो असेल तर सावकाश.

अजूनही तुझीच,
आश्लेषा