पंप बंद होण्याआधी

सोत्गोल, ३ ऑक्टोबर १९९४

चि. गीचान यास अ. आ. वि. वि.

आईला इंचनला न्यायचं म्हणतोस, पण ती हलेल तर शपथ. खाण बंद झाल्यापासून वस्तीत आमची धरून सहा घरं उरलीत, तरी बाई यंदाही हिवाळ्यासाठी कोबीचे शंभर गड्डे खारवायचे म्हणते.

आता काळजीचं. शेजारच्या खाणीपायी आपल्या खाणीत चालू ठेवलेले पाणी उपसायचे पंप ३१ तारखेला बंद होणार. बाबा आत राहिले, कधी सापडलेच नाहीत, त्या बोगद्यात पाणी भरेल. त्याआधी नावाने हाक मारून त्यांच्या आत्म्याला वर बोलवायचं, असं आई म्हणते. तेवीस वर्षं तिने हे होऊ दिलं नाही. हाक मारली की माणूस गेला हे कबूल झालं. आता स्वतःच, हाक मारताना हातात धरायचा म्हणून, त्यांचा सदरा काढून बसलीय. हाक मुलाने मारायची. सणाला तू नासपतींची पेटी पाठवतोस, पण पेटीला काही हाक मारता येत नाही.

घरच्यांची आठवण असू दे.

तुझी ताई,
मालसुक

इंचन, ११ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

रजा मिळत नाही असं लिहिणार होतो, पण तुझ्यापुढे माझं खोटं टिकत नाही. बाबा शेवटचे खाणीत उतरले त्या पहाटे मला वाईट स्वप्न पडलं होतं. बाबांचे दात गळत होते. घरात कुणालाही असं स्वप्न पडलं की बाबा खाणीत उतरायचे नाहीत. पण त्यांचा दिवस बुडाला तर माझी शाळेची सहल बुडाली असती. मी नऊ वर्षांचा, गप्प बसलो. कुठल्या तोंडाने त्यांना हाक मारू? आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

राग आला तरी पत्र पाठव.

गीचान

सोत्गोल, १८ ऑक्टोबर

चि. गीचान यास आईचे आशीर्वाद.

मालसुकवर चिडू नकोस. मीच पिच्छा पुरवून तुझं पत्र वाचून घेतलं. हेही तीच लिहून देतेय.

वाईट स्वप्न तुझ्या बाबांनाही पडलं होतं. उठल्याउठल्या मला विचारलं, आज घरी राहू का. घरात तांदूळ नव्हता. मी म्हटलं, रोज उठून कसली स्वप्नं बघता. डबा बांधून हातात दिला. मी त्यांची वाट बघत इथे बसलेय असं सगळ्यांना वाटतं. मी वाटू दिलं. खरं तर त्यांना तिथे टाकून जायची हिंमत होत नाही.

३१ला मी सदरा घेऊन बोगद्याच्या तोंडाशी जाईन. तू नाहीच आलास तर हाक मीच मारीन. पण मी पाठवलं म्हणून ते खाली गेले. मी बोलावल्यावर वर येतील का, कोण जाणे. तुझ्यासाठी येतील.

माझ्यावर लोभ ठेवता आला तर ठेव.

तुझी आई