कपाटामागे सापडलेली खिडकी

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता खाली बसू देतो की अजून रुसलेलाच आहे? व्याह्यांचा खोकला गेला असेल तर बरं, नसेल तर माझं नाव सांगून त्यांना रागवा. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे माणसं खुशाल आहेत. घराचं मात्र विचारू नका. (नाही विचारलंत तरी सांगणारच आहे, त्याचसाठी लिहायला बसले.)

झालं असं, की स्वयंपाकघरातला ओटा तुमच्या लेकीला ठेंगणा पडतो, कंबर धरते, म्हणून तो वीतभर उंच करायचं ठरलं. चार दिवसांचं म्हटलेलं काम, त्याला आता महिना झाला. गवंडी आला. भला माणूस, चहा अर्धा पिऊन कुठेतरी ठेवतो आणि मग तासभर कप शोधतो. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, तर मागे परातीएवढी ओल. आता आमच्या घरची एक खोड तुम्हाला सांगते. आमच्यात ओल दिसली की दुरुस्त करत नाहीत, तिच्यावर काहीतरी टांगतात. पाच वर्षांपूर्वी माझ्या मुलानेच नखाएवढ्या डागावर कॅलेंडर टांगायला खिळा ठोकला, आणि तो गेला थेट नळाच्या पाइपात! डाग झाकायच्या खिळ्यानेच डागाला पोसलं. गवंड्याने खिळा उपसला मात्र, चिळकांडी उडाली ती त्याच्या टोपीवरून माझ्या चष्म्यावर. मी इतकी हसले की तुमची लेक मला भोवळ आली समजून धावत आली.

ते पाणी भिंतीतल्या भिंतीत चालत गेलं कुठे, तर माझ्या खोलीत. म्हणून तुम्ही लग्नात दिलेलं कपाट हलवावं लागलं. विहीणबाई, कपाट उत्तम आहे. पुढून आजही कुणी नाव ठेवणार नाही. मागून मात्र त्याला पाठच उरलेली नाही, वाळवीने खाल्ली. (आरशाला तिने तोंड लावलं नाही, एवढी रीतभात पाळली.)

आणि कपाटामागच्या भिंतीचा ओला गिलावा ढपल्याढपल्याने पडला, तर आत खिडकी! चौकटीसकट, विटांनी बुजवलेली. आधीच्या मालकाने का बुजवली कोण जाणे. एकतीस वर्षं मी त्या खोलीत भरदुपारी दिवा लावून सुई ओवते आहे. गवंड्याने चार विटा काढल्या आणि उजेड असा आत आला, जणू घर त्याचंच आहे. मी त्या भोकातून तोंड बाहेर काढलं. मागच्या गल्लीतला इस्त्रीवाला समोरच उभा. त्याने इस्त्री हातातच धरून विचारलं, “आजी, तुम्ही कुठून उगवलात?”

पण खिडकीवरच्या लाकडी तुळईचा भुसा झालाय. गवंडी म्हणाला, “वरची भिंत कशावर उभी आहे ते मलाही कळत नाही.” झालं, तुमच्या जावयाने फर्मान काढलं, येत्या सोमवारी परत विटा भरायच्या, गिलावा करायचा, विषय बंद. मला म्हणतो, “आई, इतकी वर्षं खिडकीवाचून काही अडलं का?” मी म्हटलं, “नव्हतं ठाऊक तोवर नाही अडलं. आता अडलंय.” तर म्हणे हट्ट करू नकोस. मी हट्ट करत नाहीये, विहीणबाई. मी फक्त त्या भिंतीसमोर खाट टाकून बसलेय आणि उठत नाहीये.

कळावे. व्याह्यांना नमस्कार, नातवंडांना पापे.

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. गवंडी म्हणतो, टेकू देऊन सिमेंटची नवी तुळई घालता येते, पण ती वाळायला चार दिवस लागतात आणि मालक समोर असले की त्याचा हात चालत नाही. तेव्हा शनिवारी लेक-जावयाला चार दिवस बोलावून घ्या. आजारी आहे म्हणू नका, लेक उगाच घाबरेल. जावयाला म्हणा, भिंतीला तडा गेलाय, तुमचा सल्ला हवा. महिन्याभरात त्याला भिंतींतलं फार कळू लागलंय, धावत येईल.

ता. क. दुसरा. फोनच केला असता, पण आमच्याकडे सध्या निम्म्या भिंती नाहीत, सगळ्यांना सगळं ऐकू जातं.

ता. क. तिसरा. पाकिटावर पत्ता घालायला पत्र तुमच्या लेकीकडे दिलं (माझी दुसरीपर्यंतची अक्षरं पोस्टमनला लागत नाहीत), तर बाईने सगळं वाचलं! मी म्हटलं, आता संपलं. तर मला म्हणते, “आई, मला कशाला घालवता? टेकू कोण धरणार?” एवढ्यावर थांबली नाही, आत्ताच गवंड्याला सांगून आली की फोडतोच आहेस तर खिडकी हातभर रुंद कर. तेव्हा जावयाला एकट्यालाच बोलवा, आणि चार दिवसांचे सहा करा.